अडीच लाखांचं मशीन आणि मारेगावचं पाणी

परवा रात्री साडेअकराला एका मित्राचा फोन. (माझ्याच टीममधला आहे. नाव सांगत नाही, कारण तो हे वाचणार आहे.) आवाज असा की मला वाटलं प्रॉडक्शन पडलं.

"ठरवलं रे शेवटी. ड्युअल बॉयलर घेतोय. अडीच लाख. एकदाच घ्यायचं आणि चांगलं घ्यायचं. बरोबर ना?"

मी विचारलं, "ग्राइंडर कुठला आहे तुझ्याकडे?"

"तोच रे, चार हजारवाला. ते नंतर बघू."

तर मंडळी, आजचं हे शनिवारचं पुराण त्या "नंतर बघू" बद्दल आहे.

आधीच सांगून टाकतो, मी कॉफीच्या विरोधात नाही. घरी एस्प्रेसो करण्याचं खूळ माझ्याही डोक्यात गेली आठ वर्षं आहे आणि त्यापायी मी बायकोची पुरेशी बोलणी खाल्लेली आहेत. "टपरीवरच्या कटिंगची मजा कशातच नाही" असं म्हणून डोळे मिटणाऱ्यांतलाही मी नाही. टपरीचा चहा टपरीचा, एस्प्रेसो एस्प्रेसोचा. माझं भांडण आहे ते "अपग्रेड" या शब्दाशी. आपल्या पिढीला काहीही बिघडलं की पहिला उपाय हाच सुचतो, वरचं मॉडेल घ्या. काय बिघडलंय ते शोधायचं नाही.

आता हे मशीन करतं काय ते बघू. साधारण 18 ग्रॅम बारीक दळलेली कॉफी, त्यातून 93 अंशांच्या आसपासचं पाणी, 9 बार दाबाने, 25 ते 30 सेकंद. कपात पडतात साधारण 36 ग्रॅम. बस्स. हा दाब देणारी लिव्हरची यंत्रं 1940 च्या दशकात मिलानच्या आकिल्ले गाज्जियाने आणली. हाताने लिव्हर ओढण्याऐवजी पंप लावून तेच काम करणारं फाएमा कंपनीचं ई-61 हे मशीन आलं 1961 साली. आजच्या महागड्या घरगुती मशीनांवर पुढे जो चकचकीत, जाडजूड पितळी भाग दिसतो ना, तो बऱ्याचदा याच ई-61 चा वारस असतो. आणि ज्या "पीआयडी तापमान नियंत्रणा"साठी आपण वीस-तीस हजार जास्त मोजतो, त्याचं गणित निकोलस मिनोर्स्की या माणसाने 1922 मध्ये जहाजाचं सुकाणू आपोआप सरळ ठेवण्यासाठी मांडलं होतं. थोडक्यात काय, तर अडीच लाखांत तुम्ही नवी कॉफी विकत घेत नाही. तुम्ही स्थिरता विकत घेता. प्रत्येक वेळी तेच तापमान, तोच दाब. चांगली गोष्ट आहे, नाही कोण म्हणतंय? पण तुमच्या कॉफीतली अस्थिरता मशीनमध्येच आहे, हे तुम्हाला कुणी सांगितलं?

मला हा धडा मारेगावात मिळाला, म्हणून तिकडची गोष्ट सांगतो.

मारेगाव म्हणजे माझं गाव. यवतमाळ जिल्ह्यातलं तालुक्याचं ठिकाण, वणीपासून वीसेक किलोमीटर. 2020 च्या लॉकडाउनमध्ये लॅपटॉप आणि एस्प्रेसो मशीन गाडीत टाकून तिकडे गेलो, आणि तेव्हापासून वर्षातले चार-पाच महिने तिथूनच काम करतो. मशीन पाहून बाबांचा पहिला प्रश्न होता, "याच्यात चा होते का?" नाही म्हटल्यावर त्यांचा त्यातला रस संपला.

पहिले काही महिने बरे गेले. मग कॉफी बिघडायला लागली. आधी आंबट, मग पाणचट. वाफ अर्धवट. तापायला पाच मिनिटं लागायची तिथे पंधरा लागू लागली. शेवटी एके दिवशी पंप नुसताच घुंई घुंई करत राहिला आणि कपात थेंब नाही. शहरातल्या एका सर्व्हिसवाल्याला फोनवर व्हिडिओ दाखवला. त्याने दीड मिनिटात निकाल दिला: "सर, एंट्री लेव्हल मशीनचं असंच असतं. आता अपग्रेडच करा." आणि लगेच मोबाइलवर तीन मॉडेलांचे फोटो पाठवले.

खोटं कशाला बोलू, त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत जागून त्यातलं एक जवळजवळ घेतलं होतं. कार्ट, इएमआय, सगळं तयार. ओटीपी टाकायचा बाकी होता, आणि वीज गेली. :-)

सकाळी मशीन उचलून मोटार रिवाइंडिंगवाल्याकडे नेलं. हा माणूस शेतावरच्या पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. एस्प्रेसो मशीन त्याने जन्मात पाहिलं नव्हतं. त्याने फक्त दोन प्रश्न विचारले.

"पाणी कोनतं टाकता, भाऊ? आन् लाइन किती येते घरी?"

मी गप्प. अहो, बावीस वर्षं कॉम्प्युटरसमोर काढलेला मी, इनपुट काय येतंय हे एकदाही तपासलं नव्हतं! कुठल्याही नवशिक्या पोराने बग आणला की मी त्याला पहिला प्रश्न हाच विचारतो.

त्याने बॉयलर उघडला. आत पांढरा थर, नखाने निघेना असा. "हा तं चुना हाये," तो म्हणाला.

आणि बरोबरच आहे. आमच्या त्या पट्ट्याच्या पोटात चुनखडी आहे. वणीजवळचं राजूर चुन्याच्या भट्ट्यांसाठी ओळखलं जातं, आणि शेजारच्या झरी-जामणी तालुक्यात मुकुटबनला चुनखडीच्या जोरावर सिमेंटचा कारखाना उभा आहे. ज्या दगडावर सिमेंट कारखाना चालतो, त्याच दगडातून झिरपलेलं बोअरचं पाणी मी रोज एका ग्लासभर बॉयलरमध्ये ओतत होतो. पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम बायकार्बोनेट तापलं की त्याचं कॅल्शियम कार्बोनेट होऊन खाली बसतं. गिझरच्या कॉइलवर बसतं तेच. उन्हाळ्याच्या शेवटी कूलरच्या ताट्या पांढऱ्या होऊन पापडासारख्या कडक होतात, त्याच जातीचं. हे मी लहानपणापासून पाहत आलोय. पण चकचकीत वस्तू समोर आली की आपली अक्कल पॅकेजिंगबरोबर टाकून दिली जाते बहुतेक.

मग लाइन. संध्याकाळी प्लगमध्ये मीटर लावला तर 180 व्होल्ट. हवे 230. हीटरची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडते, म्हणजे 1400 वॅटचा हीटर 180 व्होल्टवर जेमतेम साडेआठशे वॅट देतो. छोट्या मशीनमधला पंपही थेट त्याच लाइनवर थरथरत असतो, त्यामुळे दाबही ढिला. वर उल्लेख केलेलं ते अडीच लाखांचं मशीन मी घेतलं असतं तर काय झालं असतं? तेच पाणी, तीच लाइन. फक्त चुना एका बॉयलरऐवजी दोन बॉयलरमध्ये बसला असता.

दुरुस्तीचा एकूण खर्च: लिंबूसत्त्वाचं पाकीट, एक नवं वॉशर, मोटारवाल्याची मजुरी (तो घ्यायलाच तयार नव्हता), आणि एक स्टॅबिलायझर. चार हजारांच्या आत सगळं.

आता पाण्याचं पुढे. तुम्ही म्हणाल, मग आरओचं पाणी घाला, झालं. थांबा. अगदी शुद्ध पाण्याची कॉफी बेचव लागते, आणि बऱ्याच मोठ्या मशीनमध्ये बॉयलर भरला की नाही हे पाण्यातून वीज वाहते का यावरून कळतं. पाण्यात क्षारच नसतील तर त्याला बॉयलर रिकामाच वाटतो. मी काय करतो, तर दहा लिटर आरओच्या पाण्यात साधारण एक ग्रॅम खायचा सोडा. त्यात कॅल्शियम नाही, म्हणून थर बसत नाही. आणि पाणी आम्लाकडे झुकून धातू खाण्याचा धोकाही कमी होतो. एक ग्रॅम सोडा! त्याची किंमत पैशात काढायची म्हटली तर पैशांची नाणी आता बाजारात सहसा दिसतही नाहीत.

आता पुण्याकडे येऊ, म्हणजे "आमच्याकडे पाणीही चांगलं, लाइटही जात नाहीत" असं म्हणणारे निसटायला नकोत.

माझ्या एका दुसऱ्या मित्राकडे असलं मशीन आहे, आणि ग्राइंडरही तोलामोलाचा. एका रविवारी मी माझं जुनं मशीन आणि साधा ग्राइंडर घेऊन त्याच्याकडे गेलो. एकाच पिशवीतल्या बिया. चार कप: त्याचा ग्राइंडर-त्याचं मशीन, त्याचा ग्राइंडर-माझं मशीन, आणि माझ्या ग्राइंडरची दोन्ही मशीनवर. कपाखाली चिठ्ठ्या. चाखणारे तिघं. तिघांनीही पहिले दोन नंबर त्याच्या ग्राइंडरच्या कपांना दिले. त्या दोघांतलं कुठल्या मशीनचं कुठलं, हे एकालाच ओळखता आलं, आणि तो एक मी नव्हतो. मशीनचा मालकही नव्हता. :-)

ही काही शास्त्रीय चाचणी नव्हे, मान्य. पण कारण समजण्यासारखं आहे. चक्कीवर ज्वारी नेली की पहिला प्रश्न काय असतो? दळण कसं हवं. जात्याला टाकी लावली नसेल तर पीठ काही ठिकाणी भरड, काही ठिकाणी भुगा पडतं, आणि मग जगातला कुठलाही तवा ती भाकरी वाचवू शकत नाही. कॉफीचं अगदी तेच. भुगा जास्त उतरतो तो कडू, भरड अर्धवट उतरते ती आंबट. दोन्ही एकाच कपात. हे दुरुस्त करायला तुम्ही नवा तवा घेताय, तोही इटालियन.

आणि बिया? सुपरमार्केटातलं आठ महिन्यांपूर्वी भाजलेलं पाकीट आणून त्यावर दोन लाखांचा दाब सोडला तरी त्यातून शिळं तेच निघणार. भाजल्यापासून आठवडा ते महिना, एवढीच त्यांची उमेद. बरं, त्या काही सातासमुद्रापारहून आणायच्या नाहीत. चिकमगळूर-कोडगूच्या बिया भाजल्याची तारीख छापून चार दिवसांत घरी येतात. फार कशाला, आपल्या विदर्भातच चिखलदऱ्याला ब्रिटिशांच्या काळापासून कॉफी लावलेली आहे.

आपल्या धंद्यात जीन अ‍ॅमडालचा 1967 चा नियम आपण कॉलेजात घोकला होता. एखादा भाग कितीही वेगवान केला, तरी एकूण फायदा त्या भागाच्या वाट्यापुरताच. कपातल्या चवीत मशीनचा वाटा माझ्या अंदाजाने दहा-पंधरा टक्के. तो शंभर टक्के परिपूर्ण केला तरी हाती दहा-पंधरा टक्केच येणार. क्वेरी हळू चालतेय म्हणून इंडेक्स न लावता सर्व्हर दुप्पट करणाऱ्या मॅनेजरला आपण कँटीनमध्ये हसतो. घरी स्वयंपाकघरात आपण तोच मॅनेजर असतो.

आता नेहमीचे युक्तिवाद घेऊ.

एक: "कॅफेत एक कॉफी अडीचशेला पडते, घरी पन्नास-पंचावन्नला. साडेतीन वर्षांत मशीन फुकट!" हिशोब चोख, फक्त तुलना चुकीची. हे दोनशे रुपये तुमचं आत्ताचं मशीनही वाचवतंय. नवं मशीन त्यात भर किती घालतं? शून्य. अडीच लाखांची वसुली शून्य रुपये रोजप्रमाणे किती वर्षांत होईल, हे तुम्हीच एक्सेलमध्ये टाकून बघा.

दोन: "वीस वर्षं टिकेल." टिकेलही. पण टिकतं ते राखलेलं यंत्र. तुम्ही आत्ताच्या मशीनची गॅस्केट शेवटची कधी बदलली? मागचं पाणी सोडणं, घासणं, चुना काढणं? जो पाच वर्षांचं जपत नाही तो वीस वर्षांचं जपेल, हे लग्न झाल्यावर सुधारेल म्हणण्यासारखं आहे.

तीन: "एकदाच घ्यायचं आणि चांगलं घ्यायचं." हे मला सगळ्यात जास्त खटकतं, कारण ऐकायला शहाणपणाचं वाटतं. चांगलं काय, हे कळण्याइतकं तुम्ही अजून चाखलेलं नाही. शिकण्याआधीच शेवटचं विकत घ्यायचं म्हणजे शिकण्याला बगल द्यायची. आणि "एकदाच"वाले त्यानंतर थांबल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

प्रामाणिकपणे दुसरी बाजूही सांगतो. ज्यांच्या घरी रोज सकाळी सहा जणांना दुधाची कॉफी लागते, त्यांना दोन बॉयलरचा खरा उपयोग आहे. एकाच बॉयलरवर कॉफी मग वाफ, कॉफी मग वाफ करत बसण्यात सकाळ जाते. आणि ज्याला त्या पितळी यंत्राचं रूपच आवडतं, त्याने खुशाल घ्यावं. हौसेला मोल नसतं. पण मग हौस म्हणावं. "चवीसाठी घेतलं" म्हणू नये. (आणि तापायला अर्धा तास लागतो हे बायकोला आधीच सांगून ठेवावं.)

बाबांनी मात्र वेगळाच हिशोब मांडला होता. मी किंमत सांगितल्यावर ते थोडा वेळ बोटं मोजत बसले. 2025-26 च्या हंगामाचा लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 8110 रुपये. "म्हनजे एकतीस क्विंटल," ते म्हणाले. कोरडवाहूत एकरी पाच-सहा क्विंटल धरले तर पाच-सहा एकरांचं वर्षभराचं पीक, तेही खर्च वजा न करता. हा हिशोब ऐकून पोटात खड्डा पडतो हे खरं. पण वाद म्हणून मी तो वापरणार नाही. प्रत्येक गोष्टीचा भाव कापसात काढायचा म्हटलं तर माझा लॅपटॉप, माझी गाडी, पुण्यातला फ्लॅट, कशालाच उत्तर नाही. शेतकऱ्याच्या नावाने दुसऱ्याला शरम वाटायला लावणं सोपं असतं. त्याने कापसाचा भाव एक रुपयाने वाढत नाही.

मला शरम वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची.

मशीनसाठी पाण्याचा शोध चालू होता तेव्हा मी चारशे रुपयांचा टीडीएस मीटर आणला होता. तो क्षार किती ते सांगतो, कुठले ते सांगत नाही. म्हणून बाटली भरून जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासायला दिली. माझं लक्ष होतं कठीणपणाच्या आकड्याकडे. खाली आणखी एक ओळ होती: फ्लोराइड, 1.3. भारतीय मानकाप्रमाणे लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरा स्रोत नसेलच तर 1.5 पर्यंत चालवून घ्यायचं. यवतमाळ जिल्ह्यात याहून कितीतरी वाईट पाणी पिणारी गावं आहेत, जिथे दात पिवळे पडतात, हाडं कडक होतात. आमचं तसं नव्हतं. पण ते पाणी आई-बाबा सत्तावीस वर्षं पीत होते, आणि मी इंजिनिअर मुलगा, ते तपासून घ्यावं असं मला पहिल्यांदा वाटलं ते एका बॉयलरची काळजी म्हणून. आईच्या गुडघ्यांची म्हणून नाही.

आता स्वयंपाकघरात आरओ आहे. त्याचा खर्च त्या अडीच लाखांतला विसावा हिस्सासुद्धा झाला नाही. फ्लोराइडही त्यातून बरंचसं निघतं. पहिल्यांदा आईने ते पाणी पिऊन "याले चवच नाही" म्हणून तोंड वाकडं केलं. तिचंही बरोबरच होतं.

तर सांगायचा मुद्दा असा. "अपग्रेड" हा शब्द आपल्याला नेहमी वस्तूकडे बघायला लावतो, त्या वस्तूत काय जातंय तिकडे नाही. वरचं मॉडेल घेतलं की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो आणि खालचं पाणी तेच राहतं. मोटारवाल्याकडे ना पीआयडी होता ना कॉफीचा कोर्स. पण यंत्र बिघडलं की आधी पाणी आणि लाइन बघायची, ही शिस्त त्याच्या हाताला होती.

मित्राला मी शेवटी एवढंच सांगितलं. ताज्या बिया आण. ग्राइंडर बदल. पाणी मोज. मशीन सोलून धू. मग तीन महिने रोज वजन, वेळ आणि चव वहीत लिही. तीन महिन्यांनी वही बघून तूच म्हणालास की आता मशीनच आडवं येतंय, तर बेलाशक घे, मी स्वतः उचलायला येतो. (ती धुडं तीस-तीस किलोची असतात, एकट्याला झेपत नाहीत.)

असो. रात्रीचा एक वाजला, आणि मी अजून कॉफी पितोय.

ता.क. त्याचा आजच मेसेज आला. मशीन कार्टमध्येच आहे. ग्राइंडर मागवला. आणि त्याच्या सोसायटीच्या टाकीचा टीडीएस किती, हे त्याने पहिल्यांदाच सेक्रेटरीला विचारलं. सेक्रेटरीलाही माहीत नव्हतं.